अंगठा ठेवा, फोटो पाठवा

रविवार, १३ जुलै

पोचले एकदाची. सेलूची एसटी वल्लभनगरला टेकली तेव्हा नवनाथ दाजी स्कूटर घेऊन उभेच होते. माझ्या दोन बॅगा, एक पिशवी आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी बघून त्यांनी विचारलं, की मेव्हणीबाई नोकरीला आल्यात की नांदायला. मी म्हटलं, जागा बघून ठरवते. दाजी म्हणजे माझ्या ताईचे, विजयश्रीचे, यजमान. चाकणला खारी-टोस्ट पॅक करणाऱ्या एका कंपनीत लाइनवर असतात. माणूस इतका शांत की एका दमात दोन वाक्यं बोलला तर समजावं, आज घरात कोणाचा तरी वाढदिवस आहे.

रहाटणीतलं घर म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ताईने खिडकीखाली माझी कॉट टाकून ठेवली होती. तिला सहावा सरत आलाय. पहिलंच आहे, त्यामुळे रीतीप्रमाणे ती बाळंतपणाला सेलूला जाणार आणि दाजींचा डबा माझ्या हाती येणार. ही बातमी अजून दाजींना कोणी दिलेली नाही.

खाली घरमालकीण शालनबाई राहतात. मूळच्या इथल्याच, त्यांच्या ज्वारीच्या रानात आता बिल्डिंगी उभ्या आहेत. त्यांनी विचारलं, काम कसलं. मी सांगितलं, फोटो बघून माश्या ओळखायच्या. त्या म्हणाल्या, "का? हरवल्यात व्हय त्या?" मी म्हटलं, सापडल्या की कळवते.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून पोरगी शेवटी माश्याच मारणार, असं बाबा अख्ख्या गल्लीला सांगून मोकळे झालेत. पण खरी गंमत वेगळीच आहे. माझ्या पायाला भिंगरी, आणि काम मिळालंय खुर्चीत बसायचं. ही रोजनिशी ताईने दिली. लिहीत बसलीस तर नखं तरी खाणार नाहीस, म्हणते.

मंगळवार, १५ जुलै

ऑफिस भोसरीला, गाद्यांच्या दुकानाच्या वर. निवेदिता मॅडम प्रमुख. हळू बोलतात आणि दोनदा बोलत नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावर सुजित, साताऱ्याचा. एक फोटो उघडून चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसणारा.

काम असं आहे. चाकण, तळवडे, भोसरी या पट्ट्यातल्या खाण्याच्या आणि औषधांच्या कंपन्यांत कामगाराला माशी दिसली की त्याने मोबाइलवर फोटो काढून आमच्या ॲपवर टाकायचा. ती कुठली ते ओळखून आम्ही रंग द्यायचा. लाल म्हणजे लाइन बंद, फवारणी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. हिरवा म्हणजे चालू द्या.

सगळ्यात जास्त येते ती पाठीला बाक असलेली तपकिरी माशी, आमची बाकमाशी. तिळाएवढी असते, उडते कमी, पळते जास्त. कॉलेजात मी हिच्या प्रेमात होते. ही मुंग्यांच्या जिवावर जगते. मुंगीच्या मानेशी एक अंडं टोचते. त्यातली अळी आतल्या आत सरकत डोक्यात जाऊन बसते. मुंगी मरत नाही, फक्त रांग सोडते. एकटीच सैरभैर फिरत राहते, ओल शोधते, आणि ओल मिळाली की तिचं डोकं गळून पडतं. त्या डोक्याच्या डबीत कोष होतो आणि नवी माशी बाहेर येते. हिला हिरवा रंग द्यायचा, कारण मुंगी सोडून तिला कशातही रस नाही.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. दाजींनी घास परत ताटात ठेवला. ताई म्हणाली, पोटुशी बाईपुढे बोलायच्या गोष्टी आहेत का या. मग दाजींनी हळूच विचारलं, की मुंगीला कळतं का आत कोणी बसलंय ते. मी म्हटलं, कळत असतं तर ती फिरत कशाला बसली असती.

शनिवार, १९ जुलै

हे काम म्हणजे शुद्ध उंटावरून शेळ्या हाकणं आहे. पडद्यावर माशी सुपाएवढी दिसते, पण खरी किती मोठी ते कळायला काही मार्गच नाही. मागे नुसती पांढरी भिंत. तिळाएवढी असेल तर मुंग्यांवरची, हिरवा; तांदळाएवढी असेल तर घाणीवरची, लाल. सुजितने यावर उपाय काढलाय. तो सगळ्यांना पिवळा देतो. मला असल्या अर्धवटपणाची चीड येते. दिवसभर खुर्चीत चुळबुळ करून माझी पाठ भरून आली.

दाजींच्या कंपनीचेही फोटो येतात. त्यांच्या लाइनवर चांगला मोबाइल फक्त त्यांच्याकडे, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलंय. मी म्हटलं, दाजी, मागे काहीतरी ठेवत जा हो, माप कळेल असं. ते म्हणाले, लाइनवर मोबाइल सोडून खिशात पेनसुद्धा ठेवू देत नाहीत, ठेवू काय, डोकं?

गुरुवार, २४ जुलै

आज मी मिरवून घेणार आहे. मला सुचलं.

अंगठा. लाइनवर पेन नाही, नाणं नाही, पट्टी नाही, पण अंगठा प्रत्येकाकडे आहे. नखाची रुंदी साधारण सारखीच. माशीशेजारी अंगठा टेकवा आणि फोटो काढा, संपला विषय. मॅडमनी ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, इतकं साधं आम्हाला कसं सुचलं नाही. भित्तिपत्रक करायचं कामही माझ्याकडेच आलं.

फोटोसाठी घरीच खिडकीच्या चौकटीत मेलेली एक बाकमाशी सापडली. दाजींचा अंगठा बघितला, पण त्यांच्या नखावर मशीनमध्ये सापडल्यापासून मधोमध उभी रेघ आहे. तो अंगठा लावला तर कामगार पळून जातील. शेवटी ताईचा घेतला. तिने हौसेने लाल नेलपॉलिश लावलं आणि सांगितलं, नीट काढ गं, चाकणभर लागणार आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: माशी दिसली? अंगठा ठेवा, फोटो पाठवा.

शुक्रवार, १ ऑगस्ट

सगळ्या कंपन्यांत पत्रकं लागली. दाजी सांगत होते, त्यांच्या कँटीनमध्ये हात धुवायच्या नळावरच ताईचा अंगठा लावलाय. त्यांच्याच लाइनवरचा ज्योतीराम म्हणे विचारत होता, कुठल्या हिरॉइनचा आहे. ताई दिवसभर त्या अंगठ्यावर खूश होती. भाजी निवडतानाही तो वेगळा धरत होती.

ॲपमध्येही बदल झाला. अंगठा नसेल तर फोटो आपोआप परत जातो. कामाला आता खरी चव आली आहे. आकार क्षणात कळतो, धडाधड हिरवे देत सुटते. अंगठेही ओळखू यायला लागलेत. एक हळदीने पिवळा, एक कायम शाई लागलेला, एक नुसता हाडकुळा. आणि मधोमध रेघ असलेला आला की मी सुजितला सांगते, आमचे दाजी कामावर पोचले.

मंगळवार, ५ ऑगस्ट

एक गोष्ट खटकतेय. लिहून ठेवते म्हणजे डोक्यातून जाईल.

बाकमाशी घाबरट असते. सावली पडली तरी पळते. शेजारी आख्खा अंगठा येऊन टेकला तर ती थांबायलाच नको. पहिल्या फोटोंत ती पळायच्या बेतात दिसायची, कडेला, अर्धी बाहेर. आता मधोमध असते. काल-परवाच्या काही फोटोंत नखाला चिकटून आहे. आज दोनांत नखावरच बसलेली.

सुजितला दाखवलं. तो म्हणाला, बरंय की, फोटो स्पष्ट येतात. मी पुन्हा बघितलं. कुठल्याच फोटोत मुंगी नाही. मुंगी नाही तिथे या माशीचं काय काम? तरी हिरवाच दिला, दुसरा रंग कुठल्या आधारावर देणार. दुपारभर बसवेना, जिन्यावरून उगाच खालीवर केलं.

रविवार, १० ऑगस्ट

दाजींचा अंगठा सुजलाय. नखाची कड लाल, खाली पांढरट. नखुरडं आहे म्हणाले. दुखतं का विचारलं तर म्हणाले, दुखत नाही, नुसतं आत कोणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं. ताई हसली. मला हसू आलं नाही.

शालनबाईंनी लिंबू आणून दिलं. वरून कापून अंगठ्यात खोचायचं, रात्रीतून ओढून घेतं, त्यांच्या चार पिढ्यांचा अनुभव. दाजी लिंबू खोचून बसले. बसले म्हणजे काय, बसतच नव्हते. गॅलरीत जातात, परत येतात, बाथरूमचं दार उघडून आत उभे राहतात, परत येतात. ताई म्हणाली, तुझं वारं लागलं यांना. आयुष्यभर एका जागी बसणारा माणूस आज दिवसभर चालतोय.

मी घाबरले आहे. कशाला ते अजून नीट सांगता येत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज फोटोंत लिंबं आली.

वेगवेगळ्या कंपन्या. तळवड्याची औषधांची, चाकणची मसाल्याची, दाजींची. भिंतीवर अंगठा टेकवलेला आणि अंगठ्यावर लिंबाची टोपी. लिंबामुळे नख दिसत नाही, म्हणून ॲप फोटो परत पाठवतं. मग तोच माणूस लिंबू काढून पुन्हा फोटो काढतो. ती नखं मी मोठी करून बघितली. बघायला नको होती.

नंतर जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावले. फोटोत जे हलतं ते पुसट येतं, हे कोणालाही माहीत आहे. जुन्या फोटोंत माशी स्पष्ट आणि अंगठा पुसट, कारण अंगठा तिच्याजवळ चाललेला असायचा. नव्या फोटोंत अंगठा स्पष्ट आहे. पुसट माशी आहे. ती येतेय.

मुंगीची मान आणि नखाची कड. दोन्हीकडे एक बारीक फट. रोज, प्रत्येक पाळीत, प्रत्येक भिंतीवर आम्ही ती फट त्यांच्यापुढे धरली, आणि धरून ठेवली, फोटो येईपर्यंत. हे मी सुचवलं. माझ्याशिवाय कोणी नाही.

मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, पावसाळ्यात नखुरडी होतातच, आणि माणसाला धरणारी अशी माशी आपल्या यादीत नाही. मी आजचे सगळे हिरवे लाल केले. संध्याकाळी बघितलं तर ते परत हिरवे झालेले.

सेलूला फोन केला. आईला अर्धंच सांगितलं. ती म्हणाली, विजूला यातलं अक्षर कळता कामा नये, सातवा महिना आहे, बाई दचकली तर पोटातलं पोर दचकतं. मला ते पटलं. ताईला काही सांगणार नाही. तिला आणि बाळाला इथून बाहेर काढायचं, तेवढं बघायचं.

शनिवार, १६ ऑगस्ट

ज्योतीराम घरी आला. ताई खाली शालनबाईंकडे होती, बरं झालं. तो म्हणाला, "ताई, नवनाथभाऊ लाइन सोडून जातेत. चालू पट्ट्यावरून उठतेत आन् जातेत. हाक मारली तर वळत न्हाईत." नांदेडकडचा पोरगा, बोलताना सारखा उजवा हात मागे नेत होता. मी म्हटलं, हात दाखव. नाही दाखवला. लिंबाचा वास येत होता.

रांग सोडली.

दाजींना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. घरी येऊन मी लिंबू काढायला गेले, तर हातात नुसती साल आली. आतला गर नाही, रस नाही, बिया नाहीत. पुसून घेतल्यासारखी कोरडी. दाजी म्हणाले, आता बरं वाटतंय, जरा पाय मोकळे करून येतो. आणि गेले.

ताईला सांगितलं, जादा पाळी लागली.

सोमवार, १८ ऑगस्ट

दाजी परवापासून घरी नाहीत. ज्योतीरामचा फोन आला, पवनेच्या काठी या, काळेवाडीच्या पुलाच्या अलीकडे. रिक्षाने गेले. दुपारची वेळ, लख्ख उजेड.

काठावर माणसं बसलेली. निळे युनिफॉर्म, खाकी, पांढरे, डोक्याला जाळीच्या टोप्या तशाच. कोणी कोणाशेजारी नाही. प्रत्येकजण एकटा, तोंड पाण्याकडे, एक हात ओल्या चिखलात मनगटापर्यंत खुपसलेला. पुलावरून वाहनं जात होती. वरून बघणाऱ्याला वाटेल, मासे धरतायत.

दाजींना मी दंडाला धरून उठवलं. हात चिखलातून सहज वर आला.

अंगठा आखूड होता. वरचं पेर खालीच राहिलं. रक्त नाही. दाजींनी तिकडे बघितलंही नाही. मला म्हणाले, मेव्हणीबाई, तुम्ही कधी आलात. आणि मग पहिल्यांदा, इतक्या दिवसांनी, स्वस्थ बसले. तिथेच. मी रडले. मोठ्याने रडले, लाज वाटली नाही.

ज्योतीराम आणि मी त्यांना पिंपरीत दवाखान्यात नेलं. दाखल केलं. डॉक्टर खरं बोलले, की असं काही त्यांनी आधी पाहिलेलं नाही. परत वळून बघते तर ज्योतीराम नव्हता. चालत गेला होता.

मंगळवार, १९ ऑगस्ट

ताईला सांगितलं, दाजींना ताप आहे, अंगावर उठलंय, पोटुशीने जवळ जायचं नसतं. तिने दोन वेळा विचारलं, खरं ना? मी म्हटलं, खरं. आयुष्यात तिच्याशी इतकी सलग खोटं बोलले नव्हते.

बाबा उद्या येतायत. परवा सकाळच्या एसटीने ताईला घेऊन जातील.

ऑफिसात मॅडम आल्या नव्हत्या. सुजित टेबलांमधून फेऱ्या मारत होता. चहा तसाच. मी हाक मारली — वळला नाही. मी माझ्या हाताने सगळ्या कंपन्यांना निरोप पाठवला: अंगठा ठेवू नका. माशीजवळ हात नेऊ नका. लगेच उत्तरं यायला लागली. सुपरवायझर लिहितायत, अंगठा नसला की ॲप फोटो घेत नाही, काय करायचं ते एकदा ठरवा. आणि फोटो येतच आहेत. नुसते अंगठे. माशी कुठेच नाही. नुसते —

ॲपचा आपोआपचा निरोप त्यावर: धन्यवाद.

बुधवार, २० ऑगस्ट

बाबा आले. त्यांना जिन्यातच सगळं सांगितलं. अर्धं समजलं त्यांना, पण चेहरा बघून पुढे विचारलं नाही. तेही म्हणाले, विजूला काही कळायला नको.

ताईची आवराआवर चालू. तिचे दोन्ही हात मी निमित्त काढून तपासले. मेंदी बघू, बांगडी बघू. दहाही नखं स्वच्छ. जिवात जीव आला. मला म्हणाली, स्वरू, तू माझे हात धरून का बसतेस गं, मी काय सासरी चाललेय? मी म्हटलं, उगाच. तिने मला कपाट दाखवलं, डबे दाखवले, दाजींना कुठली भाजी चालत नाही ते सांगितलं. दुपट्यांसाठी म्हणून धुऊन मऊ झालेले जुने कपडे पिशवीत भरले. माझ्या डोक्यात एकच — उद्या ही गाडीत बसली की झालं.

गुरुवार, २१ ऑगस्ट. सकाळ

बसली. खिडकीची जागा. बाबा शेजारी. गाडी हलली, तिने हात केला. पाचही बोटं. मी गाडी वळेपर्यंत उभी होते.

ताई सुटली. बाळ सुटलं. बाकी आता जे होईल ते होवो.

दुपार

दवाखान्यातून आले. दाजी तसेच — छताकडे बघत. विजू पोचली का, विचारलं. दोनदा. ओळख आहे म्हणजे. देवा, एवढं तरी राहू दे.

घर झाडायला घेतलं. गॅलरीत दोरीवर दाजींचा कंपनीचा शर्ट वाळत होता, निळा. काढला. कॉलरच्या शिवणीत हाताला खरखर लागली. उलटून बघितलं. जिऱ्यासारखे बारीक, तपकिरी. ओळीने. टोकं उघडलेली. रिकामे.

कोष आहेत. सगळ्या अळ्या अंगठ्यात थांबल्या नव्हत्या. मला फोटो लागत नाही. हातात आहेत.

कपाट उघडलं. तिथे दाजींचे आणखी शर्ट होते. जुने, मऊ. ती म्हणायची, बाळाच्या अंगाला टोचणार नाहीत.

नाहीत तिथे.

पिशवी.

ताईला फोन — लागत नाही. बाबांना — बंद. पुन्हा ताईला. नगरच्या पुढे रेंज जाते, जात असते. येईल.

शालनबाई खालून विचारतायत, काय झालं, कशाला पळतीस. खोलीत फेऱ्या मारतेय मी. बसवत नाही. म्हणून लिहितेय, एका हाताने फोन, एका हाताने —

मेसेज आला. ताईचा.

"स्वरू, तुझं गिऱ्हाईक सापडलं बघ. यांच्या शर्टातून निघालं. बाबा झोपलेत. तुला ओळखायला फोटो पाठवते, अंगठा ठेवलाय बरं का, नाहीतर म्हणशील माप नाही."

लिहिलं तिला: हात काढ. ताई हात काढ. एकच टिक आहे. एकच —

फोटो आला. निळं कापड, लाल नख. माशी कडेला. लांब आहे. दोन बोटं लांब. अंगठा स्पष्ट. माशी पुसट.

फोन लावतेय. लागत नाही. तिला मी सांगितलं नाही. सगळ्यांना सगळं सांगितलं, तिला कोणी —

दुसरा फोटो. खाली लिहिलंय, थांब, जवळून काढते, पळत नाहीये ही, गुणाची आहे.

उतरतोय. धूसर आहे अजून. नखाचा लाल रंग दिसतोय. मधोमध काळं काहीतरी. नेलपॉलिश उडालं असेल. तेवढंच असेल, प्रवासात उडतं, पिशवीला घासून. स्पष्ट होतोय. ते नेलपॉलिश नाहीये की —